चुंबकाला काय चिकटतं? लहान मुलांबरोबर करायचा पहिला प्रयोग

चुंबकीय आणि अचुंबकीय पदार्थ हा विषय बहुतेक मुलांपर्यंत दोन रकान्यांच्या तक्त्यातून पोचतो. डावीकडे खिळा, टाचणी, कात्री. उजवीकडे लाकूड, प्लास्टिक, कागद. खाली एक ओळ: लोखंड, निकेल आणि कोबाल्ट चुंबकाला चिकटतात. मूल ती ओळ पाठ करतं, आणि कोबाल्टशी त्याची परीक्षेबाहेर कधी गाठ पडत नाही. त्यात तक्ता बघता बघता त्याच्या डोक्यात एक नियम आपोआप बसतो: धातू चिकटतात, बाकीचं चिकटत नाही. हा नियम चुकीचा आहे, आणि तो बऱ्याच मोठ्या माणसांच्याही डोक्यात असतो. खात्री करायची असेल तर घरात कुणालाही विचारून बघा, पितळी समईला चुंबक चिकटेल का?

तीन ते आठ वर्षांच्या मुलांबरोबर हा प्रयोग घरी किंवा बालवाडीत कसा करायचा, ते इथे सांगते. एकच गोष्ट शेवटपर्यंत धरून ठेवायची: आधी मुलानं अंदाज सांगायचा, मग चुंबकानं उत्तर द्यायचं. नियम सगळ्यात शेवटी, आणि तोही मुलाच्या तोंडून.

चुंबक कोणता घ्यायचा

जुन्या स्पीकरच्या पाठीमागे असतो तसा काळा, मध्ये भोक असलेला गोल चुंबक सगळ्यात सोयीचा. याला फेराइट म्हणतात. इलेक्ट्रॉनिक सामानाच्या किंवा शालेय प्रयोगसाहित्याच्या दुकानात तो मिळतो. निदान चार-पाच सेंटिमीटर व्यासाचा घ्या, म्हणजे मुलाच्या हातात नीट बसेल आणि तोंडात मावणार नाही. भोकातून दोरी ओवता येते, हा आणखी एक फायदा. तो ठिसूळ असतो. फरशीवर आपटला तर टवका उडतो, म्हणून पहिल्यांदा सतरंजीवर बसूनच खेळा. शाळेतला लाल-निळा पट्टी चुंबकही चालतो, पण तो बरीच वर्षं कपाटात पडून असेल तर क्षीण झालेला असू शकतो. टाचण्यांचा झुपका उचलतो का, ते आधी बघून घ्या.

फ्रिजवर लावायची शोभेची चित्रं मात्र या कामाला घेऊ नका. त्यांच्या मागचा रबरासारखा चपटा चुंबक फार कमजोर असतो आणि सहसा एकाच बाजूनं धरतो. मूल चित्राची बाजू खिळ्याला लावून बघतं, काहीच होत नाही, आणि 'खिळा चिकटत नाही' अशी नोंद होऊन जाते.

आता एक गोष्ट अगदी निक्षून. चकचकीत चंदेरी, बटणाएवढे किंवा वाटाण्याएवढे जोरदार चुंबक लहान मुलांच्या हातात कधीही देऊ नयेत. निओडिमियमचे हे चुंबक गोळ्यांच्या खेळण्यात असतात, काही पर्सच्या बटणांत आणि स्वस्त खेळण्यांतही असतात. असे दोन चुंबक, किंवा एक चुंबक आणि एक लोखंडी तुकडा, पोटात गेला तर आतड्याच्या दोन वेगवेगळ्या भागांतून ते एकमेकांना ओढतात, मधली आतडी चिमटली जाते आणि तिला भोक पडू शकतं. सुरुवातीला मूल ठीकठाक दिसतं, म्हणून 'शी वाटे जाईल' असं म्हणून थांबायचं नाही. नुसती शंका आली तरी लगेच दवाखाना गाठायचा. घरातलं एखादं खेळणं फुटलं तर आतला चुंबक जागेवर आहे का, तेही पाहा.

बाकीची काळजी साधी आहे. घड्याळ, एटीएम कार्ड, कानाचं मशीन यांच्याजवळ चुंबक न्यायचा नाही. घरात आजोबांना पेसमेकर असेल तर चुंबक घेऊन त्यांच्या मांडीवर चढायचं नाही, हे आधीच सांगून ठेवा. लोखंडाचा कीस उघडा देऊ नका, तो डोळ्यांत जातो.

वस्तू जमवताना

इथे सगळ्यात जास्त डोकं लावायला हवं. चिकटणारा खिळा आणि न चिकटणारं खोडरबर एवढंच ठेवलं तर दोन मिनिटांत खेळ संपतो. टोपलीतल्या निम्म्या वस्तू तरी मुलाला (आणि तुम्हालाही) फसवणाऱ्या हव्यात. तीन-चार वर्षांच्या मुलाला सहा-सात वस्तू पुरतात. सहा वर्षांपुढे पंधरा-वीससुद्धा ठेवा.

मी साधारण हे घेते: लोखंडी खिळा, पितळी घंटा किंवा निरंजन, तांब्याचं फुलपात्र, जर्मनचं (म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं) जुनं झाकण, दोन-तीन वेगवेगळ्या सेटमधले स्टीलचे चमचे, एक स्टीलची वाटी, एक आणि पाच रुपयांची नाणी, किल्ल्या, क्लिकवालं बॉलपेन, स्प्रिंगची वही, पेन्सिलचं टोकयंत्र, केसांची टिकटॅक पिन, स्वयंपाकघरातली फॉइल, नारळाच्या करवंटीचा तुकडा, रिकामा पत्र्याचा डबा. सुई, सुरी, विळी असल्या वस्तू टोपलीत नको. त्या तुम्ही हातात धरून वेगळ्या दाखवा.

आदल्या रात्री मुलं झोपल्यावर सगळं स्वतः तपासून घ्या. एक-दोन ठिकाणी तुमचाही अंदाज चुकेल, आणि तो मुलांसमोर चुकण्यापेक्षा आधी चुकलेला बरा असं वाटेल. खरं तर समोर चुकलात तरी काही बिघडत नाही. मुलांना त्याची फार मजा वाटते.

अंदाज आधी

जमिनीवर खडूनं तीन गोल काढा: 'चिकटलं', 'नाही चिकटलं' आणि 'थोडंसं'. गोलांऐवजी सुपं किंवा परड्या चालतील, स्टीलची ताटं नकोत, चुंबक त्यांनाच जाऊन बसायचा. तिसरा गोल विसरू नका. पुस्तकातल्या तक्त्यात तो नसतो, आणि पुढची सगळी गंमत त्याच्यातच आहे.

चुंबक तुमच्या मुठीत ठेवा. वस्तू मुलाच्या हातात द्या, उलटसुलट करू द्या, वजन बघू द्या, वाजवू द्या. मग विचारा.

"काय वाटतं, चिकटेल?"

"हो."

"कशावरून?"

"चमकतंय म्हणून."

इथे थांबा. 'बरोबर', 'चूक', 'शाब्बास' काहीही म्हणू नका, आणि चेहऱ्यावरही येऊ देऊ नका. मुलं वस्तूकडे कमी आणि बाईंच्या भुवयांकडे जास्त बघत असतात. चुंबक द्या, लावू द्या, मग वस्तू ज्याची त्यानं ज्या त्या गोलात ठेवायची. 'चमकतंय म्हणून', 'जड आहे म्हणून', 'थंड लागतंय म्हणून' ही कारणं एका कागदावर लिहून ठेवा. ही त्यांची त्या घडीची विज्ञानाची समजूत आहे. पुढची वस्तू त्या कारणाला छेद देणारी काढायची. चमकतं म्हणणाऱ्याला फॉइल द्या. जड म्हणणाऱ्याला पितळी घंटा. थंड लागतं म्हणणाऱ्याला तांब्याचं फुलपात्र. तिन्ही चिकटत नाहीत. तोवर मुलाला स्वतःलाच कळलेलं असतं की आपलं कारण टिकलं नाही, आणि ते दुसरं शोधायला लागतं.

चार वर्षांखालच्या मुलांकडून कारणाची अपेक्षा ठेवू नका. त्यांना लावायचं, ओढायचं, परत लावायचं, एवढंच करायचं असतं. करू द्या.

स्टीलचा गोंधळ

आता टोपलीतले चमचे. एक चटकन चिकटतो, दुसरा ढिम्म हलत नाही, आणि दोघंही 'स्टीलचे'. मुलं इथे हमखास भांडतात. भांडण सोडवायची घाई करू नका.

मोठ्यांसाठी याचं कारण असं. स्टेनलेस स्टील हा एक पदार्थ नाही, ते मोठं कुटुंब आहे. लोखंडात क्रोमियम मिसळलं की गंज धरत नाही. काही प्रकारांत त्याशिवाय निकेलही असतं. भांड्यांवर कधी कधी '१८/८' लिहिलेलं दिसतं, म्हणजे सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. गंमत अशी की लोखंड चिकटतं, निकेल चिकटतं, पण या मिश्रणात अणूंची मांडणी बदलते आणि ते स्टील जवळजवळ चिकटत नाही. निकेल नसलेलं साधं क्रोमियमचं स्टील मात्र मस्त चिकटतं. आपल्या मांडणीवर दोन्ही प्रकार शेजारी शेजारी नांदत असतात.

आता वाटी घ्या, आणि घाई न करता बघा. दोरीला बांधलेला चुंबक वाटीच्या बुडाजवळ न्या, काही होत नाही. तोच काठाजवळ न्या. बऱ्याच वाट्यांमध्ये चुंबक काठाकडे किंचित झुकतो, कधी हलकासा धरतोही. पत्रा दाबून, वाकवून वाटी घडवतात तेव्हा जिथे तो जास्त ताणला आणि मुडपला जातो तिथली अणूंची मांडणी थोडी बदलते, आणि न चिकटणारं स्टील तेवढ्यापुरतं थोडंसं चिकटायला लागतं. मुलांना अणू सांगायची गरज नाही. 'वाटीचा काठ चिकटतो, बूड नाही' एवढं त्यांनी स्वतः शोधलं की पुरे. मग ती घरभर प्रत्येक वाटीचा काठ तपासत फिरतात, आणि 'थोडंसं'चा गोल भरून जातो.

कुकरही दाखवा. इंडक्शनवर चालणारा अ‍ॅल्युमिनियमचा कुकर असेल तर चुंबक बाजूला लागत नाही आणि बुडाला घट्ट बसतो, कारण बुडाला चिकटणाऱ्या स्टीलची चकती असते. शेगडीला तीच हवी असते. भांडं इंडक्शनवर चालेल का, हे बघायला दुकानात चुंबक घेऊन जाणाऱ्या बायका हाच प्रयोग करत असतात. 'चुंबक चिकटला नाही म्हणजे भारी स्टील' ही भांडेवाल्याची खूण मात्र अर्धीच खरी आहे. निकेल कमी करून मँगनीज घातलेलं स्वस्त स्टीलही चिकटत नाही. सोन्याचंही तसंच. चिकटलं तर आत काहीतरी लोखंडी आहे हे नक्की, पण चिकटलं नाही म्हणजे सोनं असं होत नाही. पितळही चिकटत नाही.

नाणी

नाण्यांचा खेळ सहा वर्षांपुढच्या मुलांना फार आवडतो, कारण हिशेब दरवेळी बिनसतो. हल्लीची स्टीलची एक आणि दोन रुपयांची नाणी चिकटतात. पाचाचं पिवळसर नाणं चिकटत नाही. मुलं लगेच म्हणतात, पांढरी चिकटतात, पिवळी नाही. मग डब्यातून दोन रुपयांचं जुनं, अकरा कोनांचं नाणं काढा. १९९२ ते २००४ या काळातलं ते पांढरंच आहे, पण चिकटत नाही. ते तांबं आणि निकेलच्या मिश्रणाचं, त्यात चारातले तीन वाटे तांबं. पाचाचं जुनं जाड पांढरं नाणंही त्याच जातीचं. आणि २००७च्या सुमाराचं पाचाचं पातळ स्टीलचं नाणं सापडलं तर ते चिकटतं. म्हणजे रंगानं ठरत नाही, किमतीनंही ठरत नाही. आजीच्या डब्यात नागमोडी कडेचे, फुंकरीनं उडतील असे दहा पैसे असतील तर तेही लावून बघा. ते अ‍ॅल्युमिनियमचे, चिकटत नाहीत. नाण्यावर साल छापलेलं असतं, त्यामुळे वाचता येणारी मुलं सालाप्रमाणे रांग लावतात. हे करताना लहान भावंडं जवळ नसावीत, नाणी तोंडात जातात.

लपलेलं लोखंड

आता उलट बाजू: चिकटायला नको अशी दिसणारी, पण चिकटणारी वस्तू. क्लिकचं बॉलपेन प्लास्टिकचं, पण चुंबक एका जागी थबकतो, कारण आत स्प्रिंग आहे. पेन उघडून दाखवाच. टोकयंत्राचं बूड चिकटत नाही, पातं चिकटतं. दाराची सोनेरी कडी चिकटली तर ती पितळेची नाही, लोखंडावर मुलामा आहे. पत्र्याचा डबा चिकटतो. त्याला आपण टिनाचा म्हणतो, पण तो पोलादी पत्र्याचा असतो, वर कथलाचा पातळ थर असतो.

या टप्प्यावर मुलांना चुंबक घेऊन घरभर सोडा. भिंतीत खिळा कुठे आहे, गादीत स्प्रिंग आहे का, खिडकीची चौकट लोखंडी की अ‍ॅल्युमिनियमची. टीव्ही आणि कॉम्प्युटर एवढे मात्र हद्दीबाहेर.

मध्ये काही आलं तर

काचेच्या ग्लासात पाणी घ्या, त्यात कागदाची क्लिप टाका आणि विचारा, हात ओला न करता कशी काढशील? मुलं आधी फुंकतात, मग ग्लास उलटा करायला निघतात. चुंबक बाहेरून लावून वर सरकवला की क्लिप काचेला लागून वर येते. पुठ्ठा, लाकडी पाट, तळहात, फॉइल, सगळ्यांतून ओढ पोचते. चिकटणाऱ्या स्टीलचा ग्लास घेतला तर ग्लासच चुंबकाला धरून बसतो आणि क्लिपपर्यंत फारसं काही पोचत नाही. तोही करून बघायला हरकत नाही, पण नंतर. एकेक कागद वाढवत जा आणि किती कागदांनंतर क्लिप सुटते, ते मुलांना मोजू द्या. मोजणीचा अभ्यास त्यातच होऊन जातो.

वाळूतला चुंबक

अंगणात, मैदानात किंवा बांधकामाच्या वाळूत करायचा हा प्रयोग मला बाकी सगळ्यांपेक्षा आवडतो. चुंबक एका प्लास्टिकच्या पिशवीत घाला, पिशवी घट्ट ओढून धरा आणि कोरड्या वाळूतून फिरवा. बारीक काळे कण पिशवीला केसांसारखे उभे राहतात. कागदावर नेऊन चुंबक पिशवीतून बाहेर काढला की कण खाली पडतात. पिशवी न घालता केलंत तर ते कण चुंबकावरून निघता निघत नाहीत.

हे कण बहुतेक मॅग्नेटाइटचे, म्हणजे लोखंडाच्या एका खनिजाचे. महाराष्ट्राचा मोठा भाग ज्या काळ्या बेसॉल्ट खडकावर उभा आहे, त्यात हे खनिज बारीक कणांच्या रूपात असतं. खडक झिजतो, कण नदीच्या वाळूत येतात. कोकणात काही किनाऱ्यांवर काळ्या वाळूचे पट्टेच दिसतात. सुट्टीत तिकडे जाणार असाल तर चुंबक आणि पिशवी बरोबर न्या. पुण्या-मुंबईकडे हल्ली बांधकामाला दगड भरडून केलेली वाळू वापरतात. ती बेसॉल्टचीच असल्यामुळे तिच्यातही थोडे कण मिळतात.

मुलं काय विचारतात

"पालकात लोह असतं ना, मग पालक का नाही चिकटत?" पाच-सहा वर्षांचं मूल हे विचारू शकतं, आणि प्रश्न उत्तम आहे. पालक लावून बघा. मग सांगा की पालकातलं लोह फारच थोडं असतं आणि ते खिळ्यासारखं सुटं लोखंड नसतं, दुसऱ्या पदार्थांशी जोडलेलं असतं.

"खिळा पण चुंबक आहे का?" नाही, आणि हा फरक नीट दाखवायला हवा. चुंबकाला चिकटणारी वस्तू वेगळी, चुंबक वेगळा. दोन खिळे एकमेकांना ओढत नाहीत. दोन चुंबक घेऊन एक उलटवला की ते एकमेकांना ढकलतात. ढकलणं हे फक्त चुंबकच करतो, खिळा कधीच करत नाही. पण चुंबकाला लटकलेल्या क्लिपला दुसरी क्लिप लटकते, हे मुलांच्या लवकरच लक्षात येतं. तेव्हा सांगा की चुंबकाच्या सोबतीत क्लिप थोडा वेळ चुंबक होते.

"का चिकटतं?" याचं उत्तर चार वर्षांच्या मुलाला देण्याच्या भानगडीत पडू नका. 'लोखंडाला चुंबक ओढतो, का ते मोठेपणी शिकशील' हे प्रामाणिक उत्तर आहे. सात-आठ वर्षांच्या मुलांना वर्गात खेळ घ्या. प्रत्येकानं एक हात पुढे करून हव्या त्या दिशेला बोट दाखवायचं: हे साधं लोखंड. एक मूल चुंबक होऊन आलं की सगळ्यांनी त्याच्याकडे बोट वळवायचं. काही मुलांनी हात घडी घालूनच ठेवायचे: ही झाली तांब्याची, त्यांना दाखवायला बोटच नाही. शास्त्राच्या काटेकोर कसोटीला हे पुरं पडत नाही, पण खोटंही शिकवत नाही.

शेवटी तिन्ही गोलांभोवती मुलांना बसवा आणि विचारा, चिकटलेल्या सगळ्यांत काय सारखं आहे? 'लोखंड' हा शब्द कुणीतरी काढतंच. मग तक्ता करायचा तर करा, पण त्यात पितळ, तांबं, जर्मन आणि न चिकटणारा चमचा उजव्या रकान्यात दिसायला हवेत, आणि तिसरा रकाना राहिला पाहिजे.

खेळ झाल्यावर

पट्टी चुंबक जोडीनं ठेवा, एकाचं उत्तर टोक दुसऱ्याच्या दक्षिण टोकाशेजारी, आणि दोन्ही टोकांना लोखंडाची पट्टी लावा. असे ठेवले तर ते लवकर क्षीण होत नाहीत. चुंबक शेगडीजवळ किंवा उन्हात तापू देऊ नका. मुलांना आणखी हवं असेल तर दोन-चार गोल चुंबक आणि एक पेन्सिल घेऊन हवेत तरंगणारी पेन्सिल करता येते. अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंतून केलेल्या खेळण्यांमध्ये ती आहे, आणि तिची कृती चित्रांसह इंटरनेटवर फुकट मिळते. ती करायला मुलाला ढकलणारी आणि ओढणारी बाजू ओळखता यायला हवी, म्हणून आधी आठवडाभर दोन चुंबक नुसतेच खेळायला द्या.